व्हर्मीरचा मोती रंगवत तैलरंग कसे शिकावेत

तैलरंग शिकणाऱ्याने पहिली नक्कल डच चित्रकार योहानेस व्हर्मीरच्या 'गर्ल विथ अ पर्ल इअरिंग'ची (मोत्याचं कर्णभूषण घातलेल्या मुलीच्या चित्राची) करावी, असं मी आग्रहाने सांगते. सुमारे १६६५ सालचं हे चित्र नेदरलँड्समध्ये हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. एकच चेहरा, गडद पार्श्वभूमी आणि डावीकडून येणारा प्रकाश. माप जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटीमीटर, त्यामुळे ठाण्यातल्या फ्लॅटच्या खिडकीशी बसून मूळ आकारात रंगवता येतं.

चित्राची प्रत त्याच मापात छापून घ्या. तयार कॅनव्हासवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, फासून फडक्याने पुसा. तो वाळला की प्रतीवर आणि कॅनव्हासवर सारख्या चौकटी आखून रेखाटन उतरवा.

आता रंग विसरा. अंबर आणि पांढरा एवढ्यावरच सगळा उजेड-अंधार उभा करा. खरं शिक्षण इथेच होतं. डोळे बारीक करून नाक पाहा: नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेघच नाही, दोन्ही एकाच उजळ छटेत मिसळलेत. नवशिक्याचा हात तिथे हमखास रेघ ओढतो. ती टाळता आली की कडा कुठे विरघळवायची हे कळू लागतं.

मग त्वचेचे रंग. मुलीच्या डोक्यावरच्या निळ्या फेट्याला आधी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि पांढऱ्याचं मिश्रण द्या. ते वाळल्यावर जवसाच्या तेलात पातळ केलेला नुसता अल्ट्रामरीन सावल्यांवर पारदर्शक पसरवा. व्हर्मीरनेही निळ्यावर निळा असाच चढवला, फक्त त्याचा निळा लाजवर्द दगडाचा होता.

खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलत राहतो आणि चित्राला भेगा पडतात. तैलरंग पाण्यासारखा उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्याला वेळ लागतो. एका जुलैत मी घाई केली आणि निळ्याबरोबर खालचा अंबरही ब्रशला लागून आला, सगळा फेटा मळला. तेव्हापासून कोपऱ्यात बोट टेकवल्याशिवाय मी पुढचा थर देत नाही. ओल येणाऱ्या भिंतीला कॅनव्हास टेकवू नका, मागे बुरशी धरते.

जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. खिडकी उघडी हवीच.

मोती शेवटी. गळ्याच्या सावलीचाच गडद रंग, खाली कॉलरच्या उजेडाचा मऊ करडा, आणि वर डावीकडे जाड पांढऱ्याचा एक फटकारा. मोत्याची बाह्यरेखा काढू नका, अडकवायचा आकडाही नको. मूळ चित्रातही तो दिसत नाही. फटकारा चुकला तर गिरवू नका. सुरीने अलगद उचला, ब्रश पुन्हा भरा आणि एकदाच टेकवा.