धुळवडीच्या आख्ख्या कोंबडीची तयारी

धुळवडीला आख्खी कोंबडी भाजायची ठरली असेल, तर तयारी दुकानापासून नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यापासून सुरू होते. तीन-चार दिवस आधीच टेप घ्या आणि त्या कप्प्याची उंची मोजा. भाजायच्या आदल्या रात्री कोंबडी मिठाच्या पाण्यात ठेवायची आहे, आणि त्यात पूर्ण बुडालेली कोंबडी, तिचा गंज (खोल पातेलं) आणि वरचं झाकण, एवढं सगळं तिथे उभं राहिलं पाहिजे. मावत नसेल तर भाजीचा ट्रे काढावा लागेल, आणि ट्रेमधली भाजी आधी संपवावी लागेल. ही मोजणी राहून गेली आणि रात्री अकराला लक्षात आलं, की माणूस म्हणतो, "राहू दे ओट्यावरच, मीठ आहे ना पाण्यात."

सगळा घोळ त्या वाक्यात आहे. मी पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा आईने गंजात डोकावून विचारलं होतं, "कोंबडीचं लोणचं घालून राहिला का रे?" मी हसलो, पण प्रश्न बरोबर होता. लोणचं टिकतं कारण त्यात मीठ भरपूर असतं, वर आंबटपणा आणि तेल. कोंबडी ज्या पाण्यात ठेवतो त्यात लिटरला पन्नास-साठ ग्रॅम मीठ, म्हणजे पाच-सहा टक्के. एवढ्याने मांसातली प्रथिनं थोडी सैल होतात, तंतू फुगतात आणि भाजताना पाणी धरून ठेवतात. काम तेवढंच. जंतू त्याने मरत नाहीत. स्टॅफिलोकोकस तर याहून दुप्पट मिठातही वाढतो, आणि लिस्टेरियाला मिठाचंही वावडं नाही आणि फ्रीजच्या थंडीचंही नाही. मीठ चवीसाठी आहे, राखण गारव्याने करायची आहे. खालचं सगळं याच हिशोबाने वाचा.

तर गारवा. फ्रीजचं बटण किती आकड्यावर आहे याला अर्थ नाही. एक थर्मामीटर घ्या, पाण्याच्या ग्लासात उभा करून रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी बघा. चार अंश किंवा त्याखाली हवं. सहा-सात दिसलं तर बटण वाढवा, कोंबलेले डबे कमी करा आणि दुसऱ्या रात्री परत मोजा. थर्मामीटर खरं बोलतो की नाही हेही पाहून घ्या. मे २०२४ मध्ये आपल्याच नागपुरातल्या हवामान खात्याच्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली आणि मग खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. घरच्या यंत्रालाही असं होतं. ग्लासभर ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्यात टोक बुडवा, शून्य दाखवलं पाहिजे. टोकदार सळईचा घेतला तर हाच थर्मामीटर पुढे भाजताना मांडीत खुपसता येतो.

हिवाळ्यातला एक मोह इथेच सांगून टाकतो. डिसेंबरात नागपूरची रात्र आठ-दहा अंशांवर येते आणि ३१ तारखेच्या पार्टीवाले गंज सरळ गॅलरीत ठेवतात. अंगात स्वेटर आहे म्हणून कोंबडी थंड आहे असं नसतं. आठ म्हणजे चार नव्हे, आणि सकाळी नऊला ऊन आलं की तेही नाही.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीच बनवलेल्या प्लास्टिकचं. जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) नको, तांब्या-पितळेचं नको, लोखंडाची कढई तर अजिबात नको. मिठाचं पाणी धातूला खातं. माझी पहिली कोंबडी जर्मनच्या गंजात रात्रभर होती. सकाळी आतून गंज काळवंडलेला आणि कोंबडीला नाणं चाटल्यासारखी चव. पाणी किती लागेल याचा अंदाज कच्च्या कोंबडीवर घेऊ नका. तेवढाच पत्ताकोबीचा गड्डा गंजात ठेवा, बुडेपर्यंत पाणी ओता, मग ते पाणी मोजा. तीन लिटर पुरतं बहुधा.

मीठ चमच्याने नाही, काट्यावर. बारीक मिठाचा मोठा चमचा सपाट भरला तर साधारण अठरा ग्रॅम भरतो, खड्यामिठाचा बराच कमी, आणि घरोघरचे चमचे वेगळे. तीन लिटरला दीडशे ग्रॅम. आयोडीनचं नेहमीचं मीठ चालतं, महागडं कशाला? परदेशी पाककृतीत "पिंक सॉल्ट" वाचलं तर मात्र थांबा. तिकडे या नावाने सोडियम नायट्राइट मिसळलेलं, मांस टिकवण्यासाठीचं गुलाबी रंगवलेलं मीठही विकलं जातं. आपलं शेंदेलोण ते नव्हे. दोन्हींचा रंग सारखा, काम पूर्ण वेगळं, आणि नायट्राइटवालं मीठ अंदाजाने वापरलं तर विष आहे. घरच्या भाजणीसाठी त्याची गरजच नाही.

मसाल्याबद्दल माझं मत ऐकाल तर फार खर्च करू नका. मीठ आतवर जातं, मिरे-तेजपान-लसणाचा वास बहुतेक कातडीपाशीच थांबतो. तरी या दिवसांत मृग बहाराची संत्री बाजारात असतात, एका संत्र्याचं साल धुऊन, पांढरा भाग खरवडून टाकायला हरकत नाही. रस नको. आंबट पाण्यात रात्रभर राहिलं की वरचं मांस पिठूळ होतं.

पाणी गरम करायचं ते एवढ्या वासापुरतंच, मीठ साध्या पाण्यातही ढवळून विरघळतं. अर्धा लिटर पाण्यात मीठ आणि साल उकळा, बाजूला ठेवून निवू द्या, त्यात दीड लिटर फ्रीजचं गार पाणी आणि एक किलो बर्फ घाला. बर्फ वितळून लिटर होतो, म्हणून हिशोब तीनवर येतो. थर्मामीटर चारच्या खाली आला की मगच कोंबडी आत. कोमट पाण्यात टाकली तर फ्रीजला ती थंड करायला कित्येक तास लागतील, आणि तेवढा वेळ जंतूंची धुळवड. बर्फ घरच्या ट्रेमधला दोन दिवस आधीपासून साठवा. विकत आणायचाच तर खाण्याचा आहे हे विचारून आणा. निळसर असेल तर तो खाण्याचा नव्हे. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालायचा हा नियम आपल्या राज्यात २०१८ मध्ये त्याचसाठी आला.

आता खरेदी. धुळवडीच्या सकाळी मटण-चिकनच्या दुकानापुढे काय रांग असते ते नागपूरकराला सांगायला नको. शिवाय तेव्हा आणलेल्या कोंबडीला मिठात राहायला वेळच उरत नाही. होळीच्या संध्याकाळीच आणा. दुकानदाराचा हात सवयीने चालतो, म्हणून तो सुरी उचलायच्या आधी बोला: "भाऊ, आख्खी पाहिजे, कातडीसकट, पीस नको." एवढं स्पष्ट सांगूनही मी एकदा बारा पीस घेऊन आलोय. सव्वा ते दीड किलोची, साफ केलेली, पुरे. समोर कापलेली कोंबडी हाताला गरम लागते, तिचं ऊन पिशवीत कोंडतं. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घेऊनच जा आणि वाटेत पिचकाऱ्या घ्यायला थांबू नका. कच्चं मांस बाहेर दोन तासांवर ठेवू नये असा दंडक आहे, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मार्चमधल्या नागपूरच्या दुपारी एकच तास धरा. गोठवलेली आणत असाल तर दोन रात्री आधी आणून फ्रीजमध्येच वितळू द्या, आणि पाकिटावर आधीच मिठाचं पाणी भरल्याचं लिहिलं असेल तर हा सगळा खटाटोप सोडून द्या, नाहीतर खारट होईल.

आईचा आक्षेप वेगळाच होता: होळीच्या दिवशी पुरण ज्या फ्रीजमध्ये त्यातच कोंबडी? सोवळ्याचं मला कळत नाही, पण मांडणीचं तिचं बरोबर होतं. पुरण, दही, सांबार, चिरलेली फळं वर. कोंबडी सगळ्यांत खाली, झाकून, गंजाखाली ताट. गळलं तर ताटात गळेल.

नळाखाली धुणं सोडा. आपल्याकडे हे ऐकून लोक दचकतात, पण धारेने जंतू मरत नाहीत, शिंतोडे मात्र सिंकभर, ओट्यावर आणि शेजारच्या कपांवर उडतात. आतली रक्ताची गुठळी ओल्या कागदाने पुसून काढा. कागद थेट कचऱ्यात, हात साबणाने वीस सेकंद. ओटा पुसायचं फडकं त्या दिवशी धुवायला टाका.

कातडीसकट आख्खी कोंबडी आठ तास, फार तर बारा. कातडी काढलेली असेल तर पाच-सहा पुरे. हाडाचे पीस दीड-दोन तास, नुसतं छातीचं बोनलेस पाऊण तास. वर तरंगायला लागली तर एक बशी उपडी ठेवा. रात्री अकराला घातली तर सकाळी सातला काढा आणि घड्याळाचा गजर लावा, कारण भांगेच्या दिवशी कोणाच्या स्मरणशक्तीवर विसंबायचं नसतं. रात्री लाइट गेली तर फ्रीज उघडू नका. बंद दारामागे चार तास गारवा राहतो. त्याहून जास्त वेळ गेली असेल तर आधी थर्मामीटर बघा. पाणी चारच्या वर जाऊन किती वेळ झाला हे सांगता येत नसेल, तर कोंबडी टाकून द्या. दुःख होतं, मान्य.

मटणाचं काय, हा प्रश्न येणारच. सावजी रश्श्याच्या मटणाला मिठाचं पाणी नको, ते मंद आचेवर शिजूनच मऊ होतं आणि रस्सा खारट मात्र होतो. आख्खी रान भाजायची असेल तर कोरडं मीठ चोळा, किलोला दहा ग्रॅम, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. कलेजी आणि खिमा यांना यातलं काहीच करू नका.

सकाळी कोंबडी काढली की पाणी सिंकमध्ये हळूच ओता, कुंडीत नाही, झाड मरेल. ते पाणी दुसऱ्यांदा वापरायचं नाही आणि रश्श्यातही टाकायचं नाही. सिंक साबण आणि गरम पाण्याने घासा. कोंबडी धुवू नका, कागदाने टिपून कोरडी करा आणि दोन तास उघडी, त्याच खालच्या कप्प्यात ठेवा. कातडी कोरडी झाली तरच कुरकुरीत होते. लावायच्या मसाल्यात मीठ अजिबात नको. घरात कोणाला बीपी असेल तर त्याच्यासाठी बिनखारवलेले दोन पीस वेगळे शिजवा, कारण आत गेलेलं मीठ खरवडून काढता येत नाही.

भाजताना मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता सळई घाला. ७४ अंश झाले की झाली. रंगावर जाऊ नका. कोवळ्या ब्रॉयलरचं हाडाजवळचं मांस पूर्ण शिजूनही गुलाबी दिसू शकतं आणि वरून खरपूस दिसणारी आत कच्ची असू शकते. दहा मिनिटं ताटात विसावू द्या, मग सुरी. ती सुरी आणि ते ताट कच्च्या कोंबडीला लागलेलं नसावं.

उरलीच, तर रंग खेळून परत येईपर्यंत टेबलावर नको. जेवण झाल्याच्या तासाभरात हाडं वेगळी करून उथळ डब्यात फ्रीजला, आणि तीन दिवसांत संपवा. पुन्हा गरम करताना वाफा येईपर्यंत. आमच्याकडे ती दुसऱ्या दिवशी आईच्या रश्श्यात जाते. मीठ घालायच्या आधी ती डाव माझ्यापुढे करते आणि म्हणते, "चाख, तुझ्या लोणच्याचं किती उतरलं ते."