अजून दहा हजार कुठे झालेत? इंजिन ऑइलच्या बाबतीत या चुका टाळा

इंजिन ऑइल कधी बदलावे याविषयी गाडीच्या पुस्तिकेत एक वाक्य असते आणि बहुतेक मालकांना त्याचा निम्माच भाग पाठ असतो. ‘१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते’ असे साधारणपणे लिहिलेले असते. काही गाड्यांसाठी हा आकडा १५,००० असतो. लक्षात राहतात ते फक्त किलोमीटर. मग शाळा, भाजी आणि बँक एवढ्याच फेऱ्या करणारी गाडी अडीच-तीन वर्षे त्याच ऑइलवर फिरते आणि विचारले, तर ‘अजून दहा हजार कुठे झालेत?’ असा उलट प्रश्न येतो.

किलोमीटर मोजताना इंजिन किती तास चालले हे कोणी मोजत नाही. ताशी ५० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे २०० तास; सिग्नल आणि कोंडीमुळे सरासरी २० वर आली, तर तेवढ्याच अंतराला ५०० तास लागतात. छोट्या फेऱ्यांची कथा आणखी वेगळी आहे. एक लिटर पेट्रोल जळते, तेव्हा जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे बाहेर जाते, पण थोडे पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल नीट तापले तरच उडून जाते. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापले असेही नाही, कारण तो काटा इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, म्हणजे कूलंटचा असतो आणि ऑइल त्याच्या मागून तापते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत ताकाच्या लोण्यासारखा पिवळट थर दिसला, तर बहुतेक वेळा तो याच पाण्याचा असतो. गाडी भरपूर चालूनही तो जात नसेल, तर मात्र कूलंट कुठे गळते आहे का हे तपासून घ्यावे.

माझ्या मावसभावाने बीएस-६ डिझेल गाडी घेतली, तीही कोथरूडहून चार किलोमीटरवरच्या ऑफिसला जाण्यासाठी. दहा महिन्यांनी तो मला कौतुकाने म्हणाला, ‘दादा, गाडी ऑइल अजिबात खात नाही, उलट वाढलंय.’ ज्या गॅरेजमध्ये त्याने दाखवले, तिथे ‘भरपूर आहे, काळजी नको’ असे सांगून त्याला परत पाठवले होते. मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी काडी काढली, तेव्हा पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर होती, चिमटीत घेतलेला थेंब पाण्यासारखा सरकत होता आणि त्याला डिझेलचा स्वच्छ वास येत होता. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो भरत आला की इंजिन जादा डिझेल फवारून त्याला तापवते आणि काजळी जाळून टाकते. हे काम पुरे व्हायच्या आत दर वेळी ऑफिस आले आणि चावी फिरली, तर त्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या चेंबरमध्ये साठत जातो. साडेचार लिटर भरलेल्या त्या चेंबरमधून साडेपाच लिटरच्या आसपास काळे पाणीच निघाले. बेअरिंग आणि टर्बो वाचले ते केवळ नशिबाने. आता तो दर रविवारी चांदणी चौकातून देहूरोडपर्यंत बायपासने एका वेगात जाऊन येतो आणि ऑइल किलोमीटर न पाहता बदलतो. एवढ्याच वापरासाठी डिझेल गाडी घेऊ नये, हे मी त्याला विकत घेण्यापूर्वीही सांगितले होते.

डिपस्टिक बघण्याचीही एक रीत आहे. उतारावर किंवा इंजिन बंद केल्या केल्या पाहिलेली पातळी खरी नसते. मी महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबतो, काडी पुसून पुन्हा आत घालतो आणि मगच वाचतो. दोन खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत सुमारे एक लिटरचे अंतर असते, त्यामुळे ‘थोडे जास्त असू दे’ म्हणून अख्खा डबा ओतणाऱ्यांचे मला नवल वाटते. जास्तीचे ऑइल क्रँकशाफ्टने घुसळले जाते, त्याचा फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही.

ग्रेडच्या, म्हणजे ऑइल किती पातळ वा घट्ट हवे याच्या बाबतीत हट्टच जास्त दिसतो. ज्या इंजिनाला ०डब्ल्यू-२० लागते, त्यात ‘घट्ट ऑइलने आवाज कमी होतो’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरणारे मेकॅनिक आजही भेटतात. आवाज कमी होतही असेल, पण सकाळी स्टार्ट केल्यावर बारीक वाटांमधून वरपर्यंत पोहोचायला त्या ऑइलला वेळ लागतो आणि खरी झीज तेव्हाच होते. डीपीएफ असलेल्या गाडीत पुस्तिकेने सांगितलेले कमी राखेचेच ऑइल हवे, कारण काजळी जाळता येते, राख जळत नाही.

रंगावरून निदान करू नये. डिझेलचे ऑइल काही दिवसांतच काळे होते आणि सीएनजीचे जुने झाले तरी स्वच्छ दिसते. लाल ऑइलदिवा ‘ऑइल बदला’ असे सांगत नाही, दाब गेला आहे असे सांगतो. तो लागला, तर घरापर्यंत न जाता तिथेच इंजिन बंद करावे. ऑइल वर्षानुवर्षे न बदलण्याच्या उलट, फुल सिंथेटिक भरून दर तीन हजार किलोमीटरना बदलणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. फिल्टर मात्र दर वेळी नवा हवा.

फिल्टरवरून आठवले, पहिल्यांदा घरी ऑइल बदलले तेव्हा जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि मी तिच्यावरच नवा फिल्टर घट्ट केला. इंजिन सुरू होताच अर्ध्या मिनिटात सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन लिटर ऑइल पसरले. तेव्हापासून जुना फिल्टर उलटा करून रिंग त्याच्यासोबत आली का ते पाहतो, ड्रेन नटाचा वॉशर नवा घालतो आणि तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवतो. त्यात तारीख मी मोठ्या अक्षरात लिहितो.