धड आखूड असेल तर कंबर बारीक कशी दिसेल?

सांगलीत मारुती रोडला साडी घेऊन बायका ब्लाउज शिवायला माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "ताई, कंबर जरा बारीक दिसू दे." यातल्या कितीतरी जणींची कंबर मुळात जाड नसते. छाती आणि नितंब यांच्यात जागा कमी असते, त्यात कंबर दबून जाते. तिथे आवळून काही साधत नाही, मधली जागा लांब दाखवावी लागते.

आधी खात्री करा. छातीच्या खाली दोन्ही तळहात आडवे, एकाखाली एक ठेवा. खालचा तळहात बेंबीच्या खाली गेला, तर धड आखूड समजा.

मग ब्रेसियर बघा. पट्टे सैल पडले की छाती खाली येते आणि आहे ती जागाही जाते. पट्टे वर ओढून घ्या, इलॅस्टिक गेलं असेल तर नवीन आणा. माप द्यायलाही तीच घालून जा.

आता परकर. खरा घोळ इथे होतो. सुती परकराचा नेफा, चुण्या, नाडीची गाठ, त्यावर साडीचा वेढा आणि वर निऱ्यांचा गठ्ठा, एवढे थर बरोबर कमरेवर साचतात. नाडी करकचून बांधली की वर-खाली वळ्या येतात आणि रात्री अंगावर वळ दिसतो. त्यापेक्षा सपाट पट्टीचा, बाजूला हूक असलेला कळ्यांचा परकर शिवून घ्या. त्याला कमरेवर चुण्या येत नाहीत. तो बेंबीखाली दोन बोटं बांधा. निऱ्या पाच-सहाच घ्या, खोचण्याआधी एकत्र पिन लावा आणि पोटावरून हात फिरवून सपाट करा.

ब्लाउजची उंची टेलरवर सोडू नका. मागच्या संक्रांतीला मिरजेहून एक मुलगी काळी चंद्रकळा आणि खणाचा ब्लाउज घेऊन आली होती. ब्लाउज 15 इंच उंच, खणाचा काठ खाली पोटावर लावलेला. म्हणजे कमरेच्या वर आडवी जाड रेघ! आम्ही काठ उसवून बाह्यांना लावला, उंची दीड इंचाने कमी केली, परकर खाली घेतला. आरशासमोर ती पदर बाजूला करून कितीतरी वेळ उभी होती.

गळा व्ही असावा, प्रिन्सेस कटच्या उभ्या शिवणी चांगल्या. कोपरापर्यंतची बाही टाळा, हात खाली सोडला की ती कमरेच्या रेषेतच संपते. पदराच्या बारीक निऱ्या करून खांद्यावर पिन लावा, म्हणजे काठ छातीवरून तिरका उतरतो. इरकलसारखा रुंद काठ असेल तर हे कराच.

जीन्स असेल तर हाय-वेस्ट नको, मिड-राइज घ्या. टॉप कमरेच्या हाडाखाली यावा. बेल्ट बारीक आणि टॉपच्याच रंगाचा. कुर्त्याचा साइड कट कमरेपासून सुरू करू नका, चार-पाच बोटं खाली घ्या.

लग्नात कंबरपट्टा घालायचा असेल तर तो कमरेवर घट्ट बसवू नका. एक-दोन कड्या सैल सोडा, कमरेच्या हाडावर टेकू द्या आणि मागून साडीला पिन करा, नाहीतर बसता-उठता तो वर सरकतो.