नामशेष वाफेचं इंजिन नव्यानं बांधायचंय? आधी पाठिंबा मोजा

जुन्या फोटोखाली ‘हे इंजिन पुन्हा बांधायलाच हवं’ असं लिहिणारे शेकडो मिळतात. त्यातले किती जण पुढची पंधरा वर्षं दर महिन्याला पैसे देतील, किती जण सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये हात काळे करतील आणि तयार झालेलं इंजिन कोणत्या रुळांवर धावेल, या तीन प्रश्नांची उत्तरं पहिली प्लेट कापण्याआधी हातात हवीत.

पंधरा वर्षं हा आकडा उगाच घेतलेला नाही. ब्रिटनमध्ये पेपरकॉर्न या रचनाकाराच्या ए१ वर्गाची (वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली इंजिनं) ४९ इंजिनं १९४८-४९मध्ये बांधली गेली आणि १९६६पर्यंत सगळी सेवेतून गेली, एकही जतन झालं नाही. त्या वर्गातलं नवं इंजिन ‘टोर्नेडो’ बांधण्याची मोहीम १९९०मध्ये जाहीर झाली आणि ते स्वतःच्या वाफेवर धावलं २००८मध्ये. खर्च सुमारे ३० लाख पौंड. त्यातला कणा होता तो आठवड्याला १.२५ पौंड, म्हणजे तेव्हाच्या पिंटभर बिअरच्या किमतीएवढी रक्कम, नियमित देणाऱ्यांचा. एवढी चिकाटी तुमच्या इंजिनाच्या वाट्याला येईल का, हे मोजायचं आहे.

विचारण्याआधी इंजिन नेमकं करा

‘अमुक वर्गातलं एक इंजिन’ एवढ्यावर लोकांचं मत विचारलं तर प्रत्येक जण मनातल्या वेगळ्या इंजिनाला हो म्हणतो. कोणाला बांधणीच्या वर्षीचं रूप हवं असतं, कोणाला शेवटच्या दहा वर्षांतलं. म्हणून वर्ग, काळ, रंग, टेंडरचा (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीचा) प्रकार आणि क्रमांक आधी ठरवा. क्रमांकाचे दोन रस्ते आहेत: भंगारात गेलेल्या एका विशिष्ट इंजिनाची प्रतिकृती, किंवा त्याच वर्गातलं पुढचं इंजिन. दुसरा रस्ता अनेकांनी घेतला. ए१ वर्गाचा शेवटचा क्रमांक ६०१६२ होता, म्हणून टोर्नेडो ६०१६३. रचनाकार ग्रेसली यांच्या पी२ वर्गाची २००१ ते २००६ या क्रमांकांची सहा इंजिनं होती, म्हणून नव्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’चा क्रमांक २००७. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या टी१ वर्गातलं शेवटचं इंजिन ५५४९ होतं, नवं बांधलं जातंय ते ५५५०. ‘पुढचं इंजिन’ म्हटलं की आतल्या रचनेत आधुनिक सुधारणा करायला थोडी मोकळीक मिळते, आणि देणगीदारांशी वाद कमी होतात.

मग आराखडे. रेल्वे संग्रहालयं आणि अभिलेखागारं इथे जाऊन मूळ ड्रॉइंगची यादी काढा: किती आहेत, किती वाचता येतात, कुठली गायब आहेत. फ्रेम, सिलिंडर, बॉइलर आणि मोशन (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांची यंत्रणा) या चारांची ड्रॉइंग नसतील तर तसं लोकांना आधीच सांगा. ड्रॉइंगशिवायही इंजिन बांधता येतं. अमेरिकेतल्या ‘जुपिटर’ आणि ‘११९’ या इंजिनांच्या १९७९च्या प्रतिकृती मुख्यतः जुन्या फोटोंवरून नवे आराखडे काढून बांधल्या गेल्या. पण त्यामागे सरकारी उद्यान सेवेचा पैसा होता. वर्गणीवर चालणाऱ्या गटाला इतकं आरेखन परवडेलच असं नाही.

मूळ इंजिनाचे दोषही लपवू नका. पी२ वर्गाबद्दल जाणकारांच्या शंका ठाऊक होत्या: पुढच्या छोट्या चाकांची जोडणी (पोनी ट्रक), क्रँक अ‍ॅक्सल (सिलिंडरच्या दांड्यानं फिरणारा वाकडा आस) आणि व्हॉल्व्हची रचना. नव्या इंजिनासाठी गाडीच्या हालचालीचा संगणकावर अभ्यास करून दुरुस्त्या ठरवल्या गेल्या आणि ते समर्थकांसमोर मांडलं गेलं. जाणकार माणूस पैसे देण्याआधी हेच विचारतो. उत्तर तयार नसेल तर तो गप्प राहतो, आणि सर्वेक्षणात ते कधीच दिसत नाही.

खर्चाचा अंदाज एका आकड्यात देऊ नका. फ्रेम, चाकं व अ‍ॅक्सल, सिलिंडर, मोशन, बॉइलर, टेंडर, जुळणी, तपासण्या व प्रमाणपत्रं असे वेगळे तुकडे करा, प्रत्येकासाठी निदान दोन कारखान्यांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि एकूण रकमेवर किमान एक चतुर्थांश राखीव धरा. बहुतेक वेळा बॉइलर ही सगळ्यात मोठी एकरकमी खरेदी असते, आणि मोठे बॉइलर बांधणारे कारखाने जगात मोजकेच उरलेत. टोर्नेडोचा बॉइलर जर्मनीतल्या मायनिंगेनच्या वर्कशॉपमध्ये २००६मध्ये तयार झाला. चाकांसाठी ओतकामाचा लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुना, लागतो. त्याच मापाचा पॅटर्न दुसऱ्या प्रकल्पाकडे असेल तर तो उसना मिळेल का, हे विचारल्याशिवाय चाकांचा अंदाज पक्का समजू नका.

हे सगळं एका पानात बसवा. त्याहून लांब कागद कोणी वाचत नाही.

कोणाला विचारायचं

सर्वात मोठी चूक इथे होते. एकाच इंजिनप्रेमी गटात विचारलं की तेच पन्नास आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येतात आणि ते पाचशे असल्यासारखे वाटतात. त्यामुळे उत्तरं गटवार घ्या आणि वेगळी ठेवा: त्या मार्गाचे अभ्यासक, मॉडेल रेल्वे करणारे, निवृत्त रेल्वे कामगार व त्यांची कुटुंबं, इंजिन जिथे बांधलं गेलं त्या गावातले लोक, वारसा रेल्वेचे (जुनी इंजिनं जपून चालवणाऱ्या रेल्वेचे) स्वयंसेवक, आणि यांपैकी कशातच नसलेले. मॉडेलवाल्यांना कमी लेखू नका. त्या वर्गाचं मॉडेल बाजारात चांगलं खपत असेल तर ते इंजिन प्रत्यक्ष कधीच न पाहिलेल्या पिढीलाही ते आवडतं, याची ती खूण आहे.

रेल्वेच्या बाहेरचा पाठिंबा मिळवायचा तर इंजिनाला आणखी एखादं काम असावं लागतं. ब्रिटनमध्ये पेट्रियट वर्गाची ५२ इंजिनं होती, एकही उरलं नाही. २००८मध्ये सुरू झालेल्या नव्या इंजिनाचं ‘द अननोन वॉरियर’ हे नाव वाचकांच्या मतदानातून आलं आणि ते युद्धात पडलेल्यांचं स्मारक-इंजिन ठरलं. त्यामुळे सैनिकांच्या कुटुंबांनाही त्यात जागा मिळाली. नावाचं मतदान हे पाठिंबा चाचपायचं स्वस्त साधन आहे, पण मतांची संख्या म्हणजे देणगीदारांची संख्या नव्हे. मत द्यायला काहीच पडत नाही.

प्रश्नावली

दहाच्या आत प्रश्न ठेवा. ‘हे इंजिन तुम्हाला आवडेल का?’ हा प्रश्न काढून टाका, कारण त्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे. हे विचारा:

– गेल्या बारा महिन्यांत कोणत्या इंजिनासाठी किंवा वारसा रेल्वेसाठी तुम्ही पैसे दिले?
– या इंजिनासाठी दर महिन्याला किती, किती वर्षं आणि कोणत्या महिन्यापासून द्याल?
– एकदाच मोठी रक्कम देणार असाल तर ती कोणत्या भागासाठी?
– लेथ, वेल्डिंग, पॅटर्न बनवणं, आरेखन, हिशेब, छपाई, यांतलं काय येतं, आणि महिन्यातून किती दिवस देऊ शकाल?
– मूळ रिव्हेट केलेल्या बॉइलरऐवजी वेल्ड केलेला बॉइलर चालेल का?
– मुख्य मार्गावर धावायची परवानगी मिळालीच नाही आणि इंजिन फक्त वारसा रेल्वेवर राहिलं, तर तुमची देणगी तेवढीच राहील का?
– कशामुळे तुम्ही नाही म्हणाल?

पहिला प्रश्न सगळ्यात उपयोगाचा. गेल्या वर्षी ज्यानं कुठेच काही दिलं नाही, तो यंदा तुम्हाला नियमित देईल याची शक्यता कमी. ज्यानं तीन प्रकल्पांना दिलं, त्याचे पैसे आधीच वाटले गेलेत. दोन्ही गोष्टी कळायला हव्यात.

बॉइलरचा प्रश्न तांत्रिक वाटला तरी तो भावनेचा आहे. टोर्नेडोला मूळ इंजिनासारखा रिव्हेटचा बॉइलर व तांब्याचा फायरबॉक्स (कोळसा जळतो ती पेटी) न देता पूर्ण वेल्ड केलेला पोलादी बॉइलर दिला गेला, आणि आजच्या मार्गांवर बसावं म्हणून त्याची उंची थोडी उतरवून १३ फूट केली. असे बदल आधी विचारून केले तर लोक साथ देतात. बांधणी अर्ध्यावर आल्यावर कळले तर वर्गणी बंद पडते.

वय गटाने विचारा, नेमकं नको. बहुतेक उत्तरं सत्तरीच्या पुढची आली तर मासिक वर्गणीपेक्षा मृत्युपत्रातल्या देणगीबद्दल आणि तरुण हात कुठून आणायचे याबद्दल बोलायला लागेल.

उत्तरं मोजताना

नाव, संपर्क, रक्कम आणि मुदत या चारही गोष्टी दिलेलं उत्तरच पक्कं धरा. बाकी सगळं सदिच्छा या खान्यात टाका. पक्क्यांतलेही निम्मेच प्रत्यक्ष बँकेचा अर्ज भरतील असं धरून हिशेब करा. जास्त आले तर उत्तम.

आता साधं गणित. समजा खर्च ३०,००,००० आहे, चलन कोणतंही घ्या. महिन्याला १० देणारे ५०० लोक मिळाले तर वर्षाला ६०,००० जमतात. म्हणजे पन्नास वर्षं. शिवाय दरवर्षी ७ टक्के लोक गळाले आणि नवे आले नाहीत, तर दहा वर्षांनी ५००चे २४२ उरतात. दरम्यान पोलाद आणि मजुरी महाग होते ते वेगळंच. हे गणित मांडलं की बहुतेक गटांचा चेहरा उतरतो, पण ते आत्ता मांडणंच बरं. मासिक वर्गणी ही संस्थेचा श्वास चालू ठेवते. मोठे टप्पे एकरकमी देणाऱ्यांवर, भाग पुरस्कृत करणाऱ्यांवर आणि रोख्यांवर पार पडतात. टोर्नेडोच्या बॉइलरसाठीही रोखे काढावे लागले होते.

चालवण्याचा खर्च वेगळा विचारा. ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी बॉइलर उतरवून मोठी दुरुस्ती करावी लागते. ‘बांधायला देईन, चालवायला नाही’ म्हणणारे पुष्कळ निघतात.

खरी चाचणी: पैसे मागून पाहा

सर्वेक्षण झालं की छोटी, मुदतबंद मागणी करा. संस्थापक सभासदांची ठरावीक संख्या, ठरावीक रक्कम, सहा महिन्यांची मुदत, आणि संख्या भरली नाही तर पूर्ण परतावा. पी२च्या वेळी प्रत्येकी १,००० पौंड देणारे १०० संस्थापक हवे होते. ३६०हून अधिक आले. सर्वेक्षणातून असा पुरावा कधीच मिळत नाही.

पैसे घेण्याआधी संस्था नोंदवलेली हवी, स्वतंत्र बँक खातं हवं, दोन जणांच्या सह्या हव्यात आणि परताव्याची अट लेखी हवी. या पैशातून काहीही खरेदी करू नका, लेटरहेडसुद्धा नाही. एकदा परतावा अडकला की त्या माणसाकडून आणि त्याच्या ओळखीच्या दहा जणांकडून पुढे काही येत नाही.

फ्रेमच्या प्लेट कापून फोटो छापण्याचा मोह या टप्प्यावर होतो. फ्रेम दिसायला भारदस्त आणि तुलनेनं स्वस्त असते, त्यामुळे खूप काम झाल्याचा भास होतो. सिलिंडर आणि चाकांचे पैसे दिसत नसताना फ्रेम कापली तर ती वर्षानुवर्षं शेडमध्ये गंजत राहते, आणि येणारा प्रत्येक नवा देणगीदार तेच पाहून परत जातो.

रूळ कोणाचे?

ज्या रेल्वेवर इंजिन चालवायचं तिच्याकडून लेखी इरादापत्र घ्या. तोंडी ‘या की, मजा येईल’ याला किंमत नाही. पत्र मागताना सोबत गेज (दोन रुळांमधलं अंतर), प्रति अ‍ॅक्सल वजन, सर्वात अरुंद वळणाची त्रिज्या, उंची-रुंदी आणि टेंडरसह एकूण लांबी द्या. पूल तेवढं वजन पेलतील का, टर्नटेबलवर इंजिन मावेल का, शेडमध्ये जागा आहे का, हे त्यांच्या अभियंत्यालाच सांगू द्या. दोन रेल्वेंची पत्रं मिळाली तर एकीचं व्यवस्थापन बदललं तरी प्रकल्प लटकत नाही.

त्याच भागात चालू असलेल्या इतर नव्या इंजिनांच्या लोकांनाही भेटा. देणगीदार तेच असतात, आणि त्यांच्याकडे पॅटर्न, पुरवठादारांची यादी व फसलेल्या ओतकामाचे अनुभव असतात.

आकडे कमी भरले तर

मोठं इंजिन झेपत नसेल तर लहान पाहा. ब्रिटनमधल्या लिंटन आणि बार्नस्टेपल या अरुंद गेजच्या मार्गावरचं बाल्डविन कंपनीचं १८९८चं ‘लिन’ १९३५मध्ये भंगारात गेलं. त्याची प्रतिकृती २०१७मध्ये तयार झाली. जर्मनीत ७५० मिलिमीटर गेजचं सॅक्सन एक-के वर्गाचं नवं इंजिन २००९मध्ये उभं राहिलं. दुसरा मार्ग अजून शिल्लक असलेल्या, जवळच्या रचनेच्या वर्गातल्या इंजिनाचे भाग वापरण्याचा: ब्रिटनच्या सेंट वर्गाचं ‘लेडी ऑफ लेजेंड’ हे ‘मेंडी हॉल’ या हॉल वर्गाच्या इंजिनापासून घडवलं गेलं आणि २०१९मध्ये धावलं. बॉइलरचा खर्च त्यामुळे बराच वाचतो, पण एका अस्सल जुन्या इंजिनाचं रूप कायमचं जातं. म्हणून हा पर्याय प्रश्नावलीत स्वतंत्रपणे विचारा. त्याला कडवा विरोध करणारेही अनेकदा सर्वात जास्त देणारे असतात.

निकाल काहीही लागो, उत्तर दिलेल्या प्रत्येकाला महिन्याभरात कळवा: किती उत्तरं आली, त्यांत पक्की किती, किती रक्कम, कोणत्या कारणांनी लोक नाही म्हणाले. प्रकल्प थांबवत असाल तर आराखड्यांची यादी आणि अंदाजपत्रकं संग्रहालयाकडे किंवा जवळच्या इंजिन-संस्थेकडे ठेवा, म्हणजे पुढच्या गटाला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.