अ‍ॅल्युमिनियमची जुनी बोट गळतेय? आधी रिव्हेट, मग सीलंट

अमेरिकेतल्या मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या तलावांवर पहिली बोट बहुतेकांची जुनीच असते: 14 फुटी, रिव्हेटने (पत्रे जोडणाऱ्या, दोन्ही टोकं ठोकून बसवलेल्या खिळ्यांनी) सांधलेली, अनेक मालकांच्या हातून गेलेली. ती थोडीफार गळणारच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पहिल्यांदा ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच, बघा. मिनेसोटात बोट रस्त्याने नेताना प्लग काढून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे पाण्यात उतरवताना तो लावायचा राहून जातो. प्लगचं रबर कडक झालंय का, आणि तो पितळी नळीत बसत असेल तर नळीभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं गेलंय का, तेही तपासा. फिश फाइंडरचा (मासे शोधणाऱ्या यंत्राचा) सेन्सर काढल्यावर मागे राहिलेली स्क्रूची भोकंही बघून घ्या.

मग बोट ट्रेलरवर असतानाच आत 5 ते 8 सेंटीमीटर पाणी भरा. जास्त नको. एवढ्या पाण्याचंच वजन दोन-तीनशे किलो होतं आणि बाहेरून तलावाचा आधार नसतो, म्हणून तळाखाली लाकडी ठोकळे द्या. बाहेरची बाजू कोरडी पुसून टॉर्च घेऊन खाली झोपा. पाणी कण्याच्या कडेने ओघळत भलतीकडेच टपकतं, म्हणून थेंब पडतो तिथे नाही, तर ओल जिथून सुरू होते तिथे मार्करने खूण करा.

आता नवखे हमखास अडकतात ती जागा. खुणा दिसल्या की लोक थेट सीलंट (फट बुजवणारा लेप) फासतात. धक्क्यावरचे सल्लागारही ट्यूबच हातात देतात. अशांचं ऐकू नका. डॉली (रिव्हेट ठोकताना मागून टेकवायचा जड लोखंडी ठोकळा) धरायला येणारा एक माणूस अशा दहा जणांपेक्षा मोलाचा. रिव्हेट गळतो कारण तो सैल झालेला असतो. लाटेचा प्रत्येक दणका बसला की पत्रा आणि आतली फासळी एकमेकांवर किंचित सरकतात. वर फासलेला थर सरकणाऱ्या सांध्यावर टिकत नाही, कडेने सुटतो. सिलिकॉन तर मुळीच लावू नका: त्याचा पातळ थर खरवडूनही उरतो आणि त्यावर नंतर ना इपॉक्सी धरत, ना रंग. सैल रिव्हेट ओळखायला आतून त्याच्या शेपटीवर (ठोकून पसरवलेल्या आतल्या टोकावर) बोट ठेवा आणि दुसऱ्याला बाहेरून शेजारचा पत्रा दाबायला सांगा. हालचाल बोटाला कळते. डोक्याभोवती काळपट-करडं कडं दिसलं तरी तो सैलच समजा.

सैल रिव्हेट पुन्हा ठोकायला दोघं लागतात. आतून शेपटीवर डॉली घट्ट दाबून धरायची, बाहेरून डोक्यावर स्नॅप (डोक्याच्या आकाराची खाच असलेला ठोकायचा दांडा) ठेवून हलके, सरळ ठोके द्यायचे. जोरात हाणलं तर शेपटी चिरते, भोक लांबटतं. ठोकूनही हलत असेल किंवा डोकं ट्रेलरवर घासून झिजलं असेल, तर ड्रिलने काढून नवा भरीव अ‍ॅल्युमिनियम रिव्हेट घाला. 3/16 इंची रिव्हेटसाठी भोक 0.191 इंच, आणि दोन्ही पत्र्यांच्या जाडीबाहेर व्यासाच्या दीडपट, म्हणजे 7 मिलिमीटर, शेपटी हवी. भोक लांबटलेलं असेल तर सरळ 1/4 इंचावर जा. साधा पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बंदुकीने ओढून बसवायचा) मधून पोकळ असतो, त्यातूनच पाणी येतं. बाकाखाली हात पोचत नसेल तिथे बंद तोंडाचा पॉप रिव्हेट वापरा, सीलंटमध्ये बुडवून.

हे सगळं झाल्यावरच सीलंट, तोही आतून. स्टेनलेस ब्रशने घासा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच लावा, कारण अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड पुन्हा धरायला वेळ लागत नाही. ग्लूव्हिटसारखं पातळ दोन भागांचं इपॉक्सी सांध्यात झिरपतं. पत्रा थोडा तापवून घेतला तर आणखी आत जातं.

बारीक छिद्रांची रांग दिसली तर रिव्हेटचा नाद सोडा, तळावरची फळी उचला. ट्रीटेड प्लायवूडमध्ये तांबं असतं. ओल्या फळीखाली ते अ‍ॅल्युमिनियमला आतून खात जातं. खड्डे खोल असतील तर त्याच जाडीचा 5052 मिश्रधातूचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा, कोपरे गोल करून, चहूबाजूंनी 25 मिलिमीटर जास्त घेऊन, सीलंटवर बसवून रिव्हेटने जोडा. नवी फळी साध्या बाह्य वापराच्या प्लायची, सगळ्या कडांना इपॉक्सी लावलेली. आणि ती बसवण्याआधी पुन्हा एकदा पाणी भरून बघा, कारण नंतर त्या रिव्हेटांपर्यंत हात पोचत नाही.