ताडपत्री, हूड की बंद पेटी? पिकअप झाकताना या चुका टाळा

निफाड, पिंपळगाव, लासलगाव या पट्ट्यात दर हंगामाला नव्या पिकअप रस्त्यावर येतात. गाडी घेताना पोरं कर्जाचा हप्ता, टायर, ॲव्हरेज सगळं चार जणांना विचारून ठरवतात. हौद्यावर, म्हणजे मागच्या माल भरायच्या उघड्या भागावर, काय झाकायचं हे मात्र आभाळ भरून आलं की बाजारपेठेतल्या पहिल्या दुकानात उभ्या उभ्या ठरतं. चारपाचशे रुपये वाचतात आणि गाडीभर मालाचा भाव पडतो. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे, आणि त्याच त्या चुका दरवर्षी नव्या माणसांकडून होताना बघून जीव तुटतो. म्हणून हे लिहायला बसलो.

पाऊस बघून झाकण घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. झाकण मालावरून ठरवायचं असतं. पावसाचा विचार त्यानंतर.

कांदा, टोमॅटो, द्राक्षं, झेंडू हा सगळा माल तोडल्या-काढल्यानंतरही श्वास घेत असतो. त्यातून ऊब निघते, ओल निघते. ती बाहेर जायला वाट हवी. सिमेंट, खत, पशुखाद्य यांना हवा नको, एक थेंबही आत जाता कामा नये. औषधं, किराणा, पार्सल यांना धूळ आणि चोर या दोन्हींपासून बंदोबस्त लागतो. या तिन्हींसाठी एकच निळी प्लॅस्टिकची ताडपत्री वापरणारा माणूस तिन्हीपैकी दोन ठिकाणी नुकसान करून घेतो.

आमच्या गावच्या एका पोराची गोष्ट सांगतो. नवी बोलेरो पिकअप, घरचाच उन्हाळ कांदा, पत्ती (वरचं कोरडं साल) चांगली, रंग चांगला. अवकाळीचा अंदाज होता म्हणून त्यानं रात्रीच गाडी भरली आणि चारी बाजूंनी प्लॅस्टिक घट्ट आवळून टाकलं. सकाळी बाजार समितीत आवक एवढी की त्याचा नंबर दुपारच्या सत्रात गेला. आभाळ कसलं नि काय, कडक ऊन पडलं. माझी गाडी त्याच्या मागेच रांगेत होती. मी दोनदा जाऊन सांगितलं, बाजू तरी वर गुंडाळ, हवा लागू दे. तो म्हणाला, "नाना, आत्ता सोडली आणि सर आली तर परत बांधेपर्यंत सगळा भिजेल." त्याची भीती मला कळत होती. पण पावसानं भिजला नाही तो कांदा आत घामानं भिजत होता.

लिलावाला ताडपत्री काढली तर तिच्या आतल्या अंगाला थेंब लोंबत होते. वरचा थर ओला, पत्ती हाताला चिकटून सुटत होती, आणि आत हात घातला तर कांदा गरम. व्यापाऱ्यानं दोन-चार कांदे उचलले, मानेशी दाबून पाहिले आणि बोली आजूबाजूच्या गाड्यांपेक्षा बरीच खाली सुरू केली. एवढ्यावर संपलं नाही. व्यापाऱ्याच्या खळ्यावर गाडी खाली होताना मधला माल आणखी ओला निघाला, तिथं पुन्हा वाद आणि पुन्हा कपात. त्या दिवशी पाऊस आलाच नाही.

मला याचं वाईट एवढ्यासाठी वाटतं, की हाच शेतकरी घरी कांद्याची चाळ बांधताना खालून फटी ठेवतो, बाजूंना फटी ठेवतो, आडव्या वाऱ्याची दिशा बघून बांधतो. तोच कांदा गाडीत चढला की त्याला हवा लागते हे विसरून जातो.

माझी सवय अशी. कांदा-भाजीपाल्याला हौद्यावर पाइपच्या काढता येणाऱ्या कमानी, त्यावर ताडपत्री, दोन्ही बाजू फाळक्याच्या (हौद्याच्या कडेच्या उघडणाऱ्या फळीच्या) वर हातभर गुंडाळलेल्या आणि मागची बाजू उघडी. गुंडाळीच्या दोऱ्या सरकफासाच्या, म्हणजे सर आली तर एका हिसक्यात बाजू खाली येते. कमानी नसतील तर मालावर लांबीच्या दिशेनं दोन बांबू टाकतो, म्हणजे कापड मालाला चिकटत नाही आणि मधून वारा फिरतो. गाडी उभी असेल आणि आभाळ मोकळं असेल तर नुसतं शेडनेट. झेंडूला तर मी शेडनेटशिवाय दुसरं काही टाकतच नाही, पाऊस अगदी डोक्यावर येईपर्यंत. आणि काळं प्लॅस्टिक उन्हाळ्यात भाजीवर टाकूच नका. पांढरं किंवा चंदेरी घ्या, ऊन परत फेकतं.

हौद्याचं माप घेऊन दुकानात जाणं

दुकानात जाताना मालाचं माप न्यायचं. हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद धरा. क्रेट फाळक्याच्या वर तीन फूट गेले, आणि कापड फाळक्याच्या कडेवरून किमान एक फूट खाली यायला हवं. म्हणजे चारही बाजूंना चार-चार फूट. लांबी सतरा, रुंदी साडेतेरा. पंधरा बाय अठराची ताडपत्री बसते, बारा बाय पंधराची बसत नाही. शिवाय दुकानातलं माप बहुतेक वेळा दुमड घालण्याआधीचं असतं. शिवून झाल्यावर प्रत्येक बाजूला काही इंच कमी भरतं. तिथंच जमिनीवर पसरून टेपनं मोजा. दुकानदाराला कंटाळा आला तर येऊ द्या.

जीएसएम ऐकून पैसे देणं

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. हे तोंडी काहीही सांगता येतं, म्हणून वजनकाट्यावर ठेवा. पंधरा बाय अठरा फूट म्हणजे सुमारे २५ चौरस मीटर. २०० जीएसएम सांगत असेल तर ताडपत्री पाच किलोच्या आसपास भरली पाहिजे. तीन किलो भरली तर ती १२० ची आहे. गाडीवर रोज बांधायला २०० च्या खालचं प्लॅस्टिक मी घेत नाही. हलकं कापड शेतात ढीग झाकायला ठीक. साठच्या वेगात वाऱ्यापुढे ते टिकत नाही.

पीव्हीसीचा लेप दिलेलं जाड कापड याच मापात पंधरा किलोपर्यंत जातं. जोड उष्णतेनं चिकटवलेले असतात, सुईची भोकं नसतात, त्यामुळे सिमेंट-खतासाठी यापेक्षा चांगलं काही नाही. सुती कॅनव्हास हवा जाऊ देतो, भिजला की धागे फुगून वीण घट्ट होते. पण तो भिजल्यावर भलताच जड होतो, एकट्यानं ओढवत नाही, आणि ओल्या कापडाला आतून पोतं टेकलं की तिथून पाणी झिरपायला लागतं. ज्याच्याकडे मदतीला माणूस आणि वाळवायला जागा नाही त्यानं कॅनव्हास घेऊ नये.

मागून पुढे ऐवजी पुढून मागे बांधणं

ताडपत्री पावसानं मरत नाही, फडफडीनं मरते. गाडी वेगात असताना वरून जाणारा वारा कापडाला वर खेचतो आणि केबिनच्या मागच्या फटीतून घुसलेला वारा खालून फुगवतो. समोरची कड सैल असेल तर तासाभरात दोरी ओवायच्या रिंगा उपटून निघतात.

पिंपळगावहून वाशीला टोमॅटो नेणाऱ्या एका गाडीवर मी हे बघितलं आहे. दोन लहान ताडपत्र्या जोडून बांधलेल्या. ड्रायव्हरनं आधी पुढची बांधली, मग मागची तिच्यावर चढवली. जोड समोरच्या बाजूला उघडा राहिला. कसाऱ्याला धुवाधार पाऊस लागला आणि त्या जोडातून वारा आणि पाणी दोन्ही आत गेलं. मागची ताडपत्री फुगून वर उठली, कडेची दोरी तुटली आणि कापड मागच्या गाडीच्या काचेवर गेलं. घाटात, पावसात, मागच्या ड्रायव्हरला काही दिसेना. त्यानं गाडी आवरली म्हणून निभावलं. टोमॅटो भिजले याचं मला काही वाटत नाही, मागच्या गाडीत माणसं होती.

घरावर कौलं चढवताना खालच्या ओळीपासून सुरुवात करतात, तसंच हे आहे. आधी मागची ताडपत्री, मग पुढची तिच्यावर दीड-दोन फूट चढवून. वारा आणि पाणी दोन्ही जोडावरून सरकून जातात. समोरची कड मालाच्या पुढून खाली घेऊन केबिन आणि हौद्याच्या मधे दाबून बांधायची, वरच्या वर कधीच नाही. मग कापडावरून दोन तिरक्या दोऱ्या किंवा रॅचेटचे पट्टे, म्हणजे मधलं कापड उठत नाही.

नायलॉनची दोरी भिजली की ताणते आणि सैल होते. म्हणून निघाल्यावर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरला थांबून सगळ्या गाठी पुन्हा आवळायच्या. ज्यांना थांबायचा वेळ नसतो त्यांनाच पुढे तासभर थांबून फाटकी ताडपत्री गोळा करताना मी बघतो.

मधे खोलगा ठेवणं

कापडावर पाणी साठू देऊ नका. अर्ध्या हौद्याएवढ्या खोलग्यात पाच सेंटिमीटर पाणी साठलं तर ते शंभर किलोच्या वर जातं. क्रेट दबतात, कमानी वाकतात, आणि वळणावर ते पाणी एका बाजूला धावतं. मधला माल कडेपेक्षा उंच रचा, नाहीतर मधे एक रिकामा क्रेट उलटा ठेवा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

ताडपत्रीचं शेपूट मागच्या दिव्यांवर, रिफ्लेक्टरवर आणि नंबर प्लेटवर लोंबतं ठेवणं. रात्री हे जिवावर बेततं. कापड कमी पडण्याइतकंच जास्त पडलेलंही नीट दुमडून बांधावं लागतं.

क्रेटच्या आणि फाळक्याच्या टोकदार कोपऱ्यांवर थेट कापड ओढणं. मी जुन्या ट्यूबचे वीतभर तुकडे गाडीतच ठेवतो आणि प्रत्येक कोपऱ्याखाली एक घालतो.

दोरी फाळक्याच्या बिजागरीला बांधणं. फाळका खाली पडला की सगळं सुटतं. हौद्याच्या खालच्या हुकांना बांधा.

निरगाठीवर निरगाठ मारणं. ओली झाली की सुटत नाही, मग माणूस कोयता काढतो आणि चांगली दोरी जाते.

शेजाऱ्यानं केला म्हणून हूड किंवा बंद पेटी करणं

कायमचा हूड, म्हणजे हौद्यावर पक्कं बसवलेलं छत, दिसायला छान दिसतो. पण सुटा कांदा हौद्यात वरून किंवा बाजूनं ओततात आणि लिलावात व्यापाऱ्याला वरून माल दिसावा लागतो. अशा गाडीला वेल्डिंग करून हूड बसवला की हमालही वैतागतात आणि व्यापारीही. क्रेटमधला माल मागून चढतो-उतरतो, त्यांना हूड सोयीचा. दोन्ही धंदे असतील तर खोबणीत बसणाऱ्या, खिळ घालून पक्क्या होणाऱ्या कमानीच करा. पैसे थोडे जास्त जातील.

पत्र्याची बंद पेटी पार्सल आणि औषधांसाठी खरोखर चांगली, भाजीसाठी भट्टी. तिचं स्वतःचं वजन गाडीच्या वहनक्षमतेतून वजा होतं. आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन दोन्ही असतं. पेटी बसवल्यावर गाडी रिकामी काट्यावर घाला आणि उरलं किती ते बघा. पेटीमुळे उंची वाढते, आडव्या वाऱ्यात गाडी डोलते, डिझेलही जास्त लागतं.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी दिसेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. "सगळेच करतात" हे उत्तर फिटनेसच्या वेळी चालत नाही आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात तर अजिबात चालत नाही. आधी आरटीओत विचारा, मग वेल्डिंगवाल्याकडे जा.

झाकलं की जादा माल दिसत नाही हाही एक गैरसमज. जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. माल बाजूनं, मागून किंवा उंचीनं मर्यादेबाहेर गेला तरी २०,००० आणि उतरवण्याचा खर्च वेगळा. कडब्याच्या गाड्या यात नेहमी सापडतात.

डबल केबिनवाल्यांसाठी

इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स आल्यापासून पुण्या-मुंबईकडचे लोक हौद्यावरच्या झाकणाबद्दल विचारायला लागलेत. एकसंध कडक झाकण घेतलं की उंच वस्तू, अगदी सायकलसुद्धा, उभी नेता येत नाही. सरकत्या शटरची पेटी हौद्याच्या पुढच्या बाजूची जागा खाते. तीन घड्यांचं झाकण पूर्ण दुमडलं की मागच्या काचेतून दिसणं कमी होतं. गुंडाळायचं मऊ झाकण स्वस्त आणि सुटसुटीत, पण ब्लेडनं कापलं जातं. शहरात रस्त्यावर गाडी लावणाऱ्यानं शटर घ्यावं, शेतावर ये-जा करणाऱ्यानं मऊ झाकण. कोणतंही घेतलं तरी धूळ वरून कमी आणि फाळक्याच्या फटीतून जास्त येते, तिथं रबराची पट्टी लावा. आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या नळ्या पानं-चिखलानं तुंबतात, त्या पावसाळ्यात अधूनमधून काढून फुंकून घ्या.

ओली घडी आणि आयत्या वेळची तपासणी

ओली ताडपत्री घडी करून सीटमागे कोंबायची नाही. कॅनव्हासला बुरशी धरते, प्लॅस्टिकच्या घड्यांमध्ये उंदीर घर करतात. घरी आल्यावर कितीही दमलात तरी कुंपणावर टाका.

मृग लागायच्या आधी भर दुपारी रिकाम्या हौद्यावर ताडपत्री बांधा आणि स्वतः आत जाऊन बसा. जिथं जिथं उजेडाचा ठिपका दिसेल तिथं खडूनं गोल करा. कॅनव्हासला ठिगळ शिवून चालतं. प्लॅस्टिकला सुई लावली की टाक्यांच्या रेषेत ते फाटत जातं, म्हणून त्याच कापडाचे दोन तुकडे आतून-बाहेरून चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. ठिपके मोजण्यापलीकडे गेले असतील तर ती ताडपत्री गोठ्यावर टाका आणि गाडीला नवी घ्या.