कॉपी पूर्ण, तरी पेनड्राइव्ह सुटेना: माझा अनुभव

लिनक्सवर मोठी फाइल पेनड्राइव्हवर टाकली की पट्टी झरझर 100 टक्क्यांवर जायची, पण इजेक्ट म्हटलं की बराच वेळ नुसतं चक्र फिरत राहायचं. त्याच वेळी पेनड्राइव्ह उपटला तर फाइल अर्धवट राहणार हे नक्की.

कारण डेटा तोवर रॅममध्येच असतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो आधी पेज कॅशमध्ये (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात) घेतो आणि सवडीने पेनड्राइव्हवर उतरवतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये 30 सेकंदांपेक्षा जुना डेटा लिहायला काढतो, किंवा उपलब्ध मेमरीच्या 10 टक्के साठला की. रॅम भरपूर असेल तर हा साठा सहज जीबीच्या पुढे जातो, आणि पेनड्राइव्ह बिचारा संथ!

मी टर्मिनलमध्ये 'सिंक' कमांड दिली, म्हणजे साठलेला डेटा लगेच लिहायला सांगितलं, आणि दुसऱ्या खिडकीत मेमइन्फो या मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या फाइलमधली 'डर्टी' (लिहायचा बाकी डेटा) आणि 'राइटबॅक' (आत्ता लिहिला जाणारा डेटा) ही ओळ-जोडी बघत बसलो. आकडे उतरत उतरत शून्याजवळ आले, प्रॉम्प्ट परत आला, मग अनमाउंट (पेनड्राइव्ह सिस्टिमपासून सोडवणं) लगेच झालं.

कायमचा उपाय म्हणून 'डर्टी बाइट्स'ची, म्हणजे रॅममध्ये न लिहिलेला डेटा किती साठू द्यायचा याची, मर्यादा 64 एमबी ठेवली. आता पट्टी खरा वेग दाखवते. माउंट करताना (पेनड्राइव्ह सिस्टिमला जोडताना) प्रत्येक डेटा लगोलग लिहायला लावणारा 'सिंक' पर्याय मात्र मी मुद्दाम टाळला, त्याने फ्लॅश मेमरी लवकर झिजू शकते.